पोपटी झाली, उरलेल्याचं काय?



संक्रांत जवळ आली की आमच्या रायगड जिल्ह्यात पोपटीचे बेत सुरू होतात. वालाच्या शेंगा भरल्या, थंडी पडली आणि शनिवार-रविवार जोडून आला, की कुणाच्या ना कुणाच्या वाडीवर मडकं लागतंच. ज्यांना पोपटी ठाऊक नाही अशा घाटावरच्या भगिनींसाठी थोडक्यात सांगते. मातीच्या मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालायचा. त्यावर जाडं मीठ आणि ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, कांदे, वांगी, अंडी आणि खाणाऱ्यांसाठी मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी असे थर लावायचे. तोंडाशी पुन्हा पाला दाबून बसवायचा, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, गोवऱ्या, पालापाचोळा रचून जाळ करायचा. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचं. चर्र आवाज होऊन ते लगेच सुकलं, की पोपटी झाली!

माझं माहेर बार्शीकडचं. तिकडे याच दिवसांत हुरडा. आगटीत ज्वारीची कोवळी कणसं भाजायची, तळहातावर चोळून गरम दाणे सोडवायचे आणि शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, दही, गूळ यांच्या संगतीने खायचे. म्हणजे सासरी पोपटी, माहेरी हुरडा. दोन्हीकडची एक गोष्ट मात्र अगदी सारखी. मंडळी जेवून, गप्पा मारून, आळस देत उठतात आणि मागे राहतात ती टोपली, पराती, डबे. आणि ते उचलायला आपण!

गेल्या महिन्यात पनवेलच्या एका भगिनीचं पत्र आलं. यजमानांनी वीस माणसांना बोलावलं, आली बारा. शेंगा, बटाटे, कोंबडी, अंडी सगळं उरलं. सासूबाईंना अन्न टाकलेलं खपत नाही. पुढचे तीन दिवस घरातल्या सगळ्यांना ताजी पोळी-भाजी आणि यांच्या ताटात तेवढी पोपटी. तिसऱ्या दिवशी पोट बिघडलं ते बिघडलंच. त्यांनी विचारलंय, "अन्नही वाया जाऊ नये आणि मीही आजारी पडू नये, असं काही करता येईल का?"

येईल. पण त्याची सुरुवात दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात नाही, त्याच रात्री वाडीवर करायची.

पहिले दोन तास

मी बी.ए. झालेली, विज्ञान काही माझा विषय नव्हे. म्हणून आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंकडून हे नीट समजावून घेतलं. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली घराघरांसाठी सुरक्षित अन्नाची पाच सूत्रं सांगितली. त्यातलं आपल्या कामाचं असं, की शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ उघड्या हवेत राहू देऊ नये. अन्न एकतर ६० अंशांच्या वर, म्हणजे चांगलं गरम असावं, नाहीतर ५ अंशांच्या खाली, म्हणजे फ्रीजमध्ये असावं. मधल्या कोमट अवस्थेत जंतू भराभर वाढतात.

"थंडीचे दिवस आहेत, काही होत नाही," असं पुरुषमंडळी हमखास म्हणतात. पण आपल्याकडची जानेवारीची रात्र म्हणजे काही फ्रीज नव्हे. त्यातून ते मडकं! ते तासन् तास आतून ऊब धरून राहतं. म्हणून "सकाळी बघू" म्हणून उरलेली पोपटी मडक्यात झाकून ठेवू नका. मडकं पूर्ण रिकामं करायचं. शेंगा परातीत पसरायच्या, कोंबडी केळीच्या पानातून सोडवून ताटात घ्यायची. पसरलेलं अन्न लवकर निवतं. निवलं की उथळ डब्यांत भरून घरी न्यायचं आणि थेट फ्रीजमध्ये. घर लांब असेल, तर निघतानाच बर्फाचा डबा बरोबर घ्यावा.

आणखी एक समजूत आपल्या मनातून काढून टाकायला हवी. "उद्या चांगलं उकळून घेऊ, म्हणजे झालं." उकळल्याने जंतू मरतात हे खरं. पण काही जंतू अन्नात विष सोडून ठेवतात आणि त्यातली काही विषं उकळूनही जात नाहीत. आपल्या हातावरून अन्नात जाणारे काही जंतू आणि बाहेर राहिलेल्या भातात वाढणारे काही जंतू या जातीचे आहेत. त्यांना वास नसतो, चव नसते. म्हणून रात्रभर बाहेर राहिलेली कोंबडी, अंडी आणि भात यांच्या बाबतीत नाकावर विश्वास ठेवू नये. ते टाकावंच लागतं. जीव हळहळतो, पण डॉक्टरचं बिल आणि मुलांचे हाल त्याहून महाग पडतात.

चांदीच्या कागदातले बटाटे

अलीकडे शहरातून आलेली मंडळी बटाटे, रताळी चांदीच्या कागदात गुंडाळून निखाऱ्यात टाकतात. खाताना छान लागतात, पण उरले तर जपा. १९९४ साली अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या एल पासो गावी ३० माणसं एका हॉटेलातल्या चटणीसारख्या पदार्थाने आजारी पडली. तो पदार्थ ज्या बटाट्यांचा केला होता, ते कागदात भाजून त्याच कागदात कित्येक दिवस बाहेर ठेवलेले होते. मातीत बॉट्युलिझमच्या जंतूंची बीजं असतात. ती भाजून मरत नाहीत, आणि कागदाच्या आत हवा पोचत नाही, ओल मात्र राहते. अशा जागी ती वाढतात आणि फार जहरी विष तयार होतं. तेव्हा नियम सोपा: बटाटा आगीतून काढला, की कागद सोडायचा. उरलेले बटाटे कागदाशिवाय फ्रीजमध्ये.

वाटणी: काय ठेवायचं, काय नाही

घरी आल्यावर, किंवा वाडीवरच, चार ढीग करा.

पहिला ढीग न शिजवलेल्या जिन्नसांचा. कच्च्या शेंगा, न भाजलेली कणसं, कांदे-बटाटे. यांची घाई नाही. पण मसाला लावलेली कच्ची कोंबडी उरली असेल, तर ती आधी फ्रीजमध्ये जायला हवी आणि दुसऱ्या दिवशी शिजायलाच हवी. ती मुरलेल्या भांड्यातला मसाला भाजलेल्या कोंबडीवर वरून कधीही ओतू नका.

दुसरा ढीग शिजलेल्या, पण कुणाच्या ताटात न गेलेल्या अन्नाचा. आपल्या पाककृती याच्यासाठी.

तिसरा ढीग कोरड्या वस्तूंचा. शेंगदाण्याची, लसणाची कोरडी चटणी, गूळ, रेवड्या, शेव. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलं की हे टिकतं. ओल्या खोबऱ्याची चटणी आणि रात्रभर बाहेर राहिलेलं कांदा घातलेलं दही मात्र या ढिगात धरू नका.

चौथा ढीग उष्ट्या-खरकट्याचा. तो खताच्या खड्ड्यात. शेंगांची टरफलं आणि पाला यांचं उत्तम खत होतं. कोंबडीची शिजलेली हाडं कुत्र्याला घालू नयेत. ती कचकन तुटून त्यांच्या घशात, आतड्यात टोचतात.

आता दुसऱ्या ढिगाकडे वळू. एक सूचना सगळ्यांनाच लागू आहे. पोपटीतल्या प्रत्येक जिनसात मीठ आधीच मुरलेलं असतं. म्हणून नेहमीच्या हाताने मीठ घालू नका. शेवटी चव बघून मगच घाला.

पोपटीच्या वालाचा भात

साहित्य: तांदूळ दोन वाट्या, शेंगांतून सोललेले वालाचे दाणे दीड वाटी, एक कांदा, दोन-तीन हिरव्या मिरच्या, आल्याचा तुकडा, गोडा मसाला दोन चमचे, ओलं खोबरं, कोथिंबीर, फोडणीचं साहित्य, बेताचं मीठ.

कृती: तेलात मोहरी, जिरं, हिंग, हळद यांची फोडणी करून कांदा परतावा. ठेचलेलं आलं-मिरची आणि धुऊन निथळलेले तांदूळ घालून दोन मिनिटं परतावं. चार वाट्या आधणाचं पाणी आणि गोडा मसाला घालावा. दाणे आत्ताच घालू नयेत. ते भाजलेले आहेत, त्यांचा गाळ होतो. भात पाऊण शिजून पाणी आटत आलं, की दाणे हलक्या हाताने मिसळावेत आणि झाकण ठेवून मंद आचेवर दणदणीत वाफ येऊ द्यावी. वरून खोबरं-कोथिंबीर. भांबुर्ड्याचा आणि धुराचा जो वास दाण्यांना लागलेला असतो, तो या भाताला असा काही उतरतो, की मसालेभाताला मागे सारावं!

वांग्या-बटाट्याचं भरीत

वांगी, कांदे आणि दोन बटाटे सोलून हाताने कुस्करावेत. निवलेल्या भरतात घट्ट दही, बारीक चिरलेली मिरची, कोथिंबीर आणि चिमूटभर साखर घालावी. वरून हिंग-जिऱ्याची फोडणी. वेगळा धूर द्यायला नको, तो आदल्या रात्रीच मिळालाय. हे जेवायच्या वेळीच कालवावं. कालवलेलं भरीत पुन्हा उरवू नये.

रताळ्याच्या घाऱ्या

साहित्य: सोलून कुस्करलेली रताळी एक वाटी, किसलेला गूळ अर्धी वाटी, कणीक साधारण दीड वाटी, कडकडीत मोहन एक मोठा चमचा, वेलचीपूड.

कृती: रताळं आणि गूळ नीट एकजीव करून त्यात मावेल तेवढीच कणीक आणि मोहन घालून घट्ट मळावं. पाणी घालू नये. जाडसर लहान पुऱ्या थापून मंद आचेवर तळाव्यात. मुलांच्या शाळेच्या डब्याला या उत्तम. कालची रताळी आहेत हे सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि सांगायचं कारणही नाही.

कोंबडीचे पॅटिस आणि हाडांचा रस्सा

कोंबडी कोमट असतानाच हाडांपासून सोडवून ठेवली, तर काम सोपं होतं. गार झाल्यावर मांस घट्ट चिकटतं. दोन वाट्या बारीक केलेलं मांस, दोन कुस्करलेले बटाटे, मिरची, कोथिंबीर, लिंबाचा रस आणि थोडा गरम मसाला एकत्र करून चपटे गोळे करावेत. रव्यात घोळवून तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस भाजावेत. आतपर्यंत वाफाळले पाहिजेत.

हाडं पाण्यात अर्धा तास उकळून ते पाणी गाळून घ्यावं. कांदा आणि सुकं खोबरं भाजून वाटण करावं, तेलात परतावं, त्यात हे पाणी घालून रस्सा खळखळून उकळावा. मांसाचे दोन-चार तुकडे आणि सोललेली अंडी शेवटी सोडून पुन्हा उकळी आणावी. एक कोंबडी दोन वेळा पुरते ती अशी.

अंड्यांचं एक लक्षात ठेवा. पोपटीत काही अंडी तडकतात. तडकलेली त्याच रात्री संपवावीत. अखंड कवचाची न सोलता फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत वापरावीत.

हुरडा उरला तर

भाजलेला हुरडा गार झाला की चिवट होतो, मग कुणी हात लावत नाही. त्याची थालीपिठं करावीत. दोन वाट्या हुरडा, चार मिरच्या, पाच-सहा लसूण पाकळ्या आणि जिरं जाडसर वाटावं. त्यात बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, अर्धी वाटी बेसन आणि बांधणीपुरतं ज्वारीचं पीठ घालावं. ओल्या फडक्यावर थापून, मध्ये भोक पाडून, तव्यावर तेल सोडून झाकण ठेवून भाजावं. लोण्याबरोबर वाढावं.

दाणे अख्खे हवे असतील, तर वाफवून मऊ करावेत आणि मोहरी-कांद्याच्या फोडणीवर दाण्याचं कूट घालून उसळ करावी, वर लिंबू पिळावं. न भाजलेले कोवळे दाणे जास्त उरले, तर ते आधी सावलीत, मग उन्हात खडखडीत वाळवावेत. असा हुरडा डब्यात पुढे कित्येक महिने राहतो. रात्री भिजत घालून सकाळी शिजवला, की भर उन्हाळ्यात हुरड्याची उसळ!

फ्रीजमध्ये ठेवलेलं हे सगळं मी दोन दिवसांत संपवते. एकदा गरम केलेलं पुन्हा गार करून ठेवत नाही. लागेल तेवढंच बाहेर काढते.

द्यायचं तर आजच द्यावं

उरलेलं अन्न देण्याची आपल्याकडे चांगली रीत आहे, पण तिला एक वाईट सवय चिकटली आहे. आधी फ्रीजमध्ये ठेवायचं, दोन दिवस "बघू" म्हणायचं आणि घरात कुणी खाईना झालं, की कामाच्या बाईंच्या हातावर ठेवायचं. जे आपल्या मुलाला आपण देणार नाही, ते तिच्या मुलाला कसं द्यावं? वाडी राखणारं कुटुंब, गाडीचे चालक, जाळ घालणारी पोरं यांचं पान पहिल्या वाढपातच बाजूला काढावं, गरम असताना. ते दान नव्हे, ती त्यांची वाटणी. त्यांच्या श्रमावर तर आपली पोपटी झाली.

आणि ताटांविषयी

आता पत्र लिहिणाऱ्या भगिनींशी जरा मोकळेपणाने बोलते. शिळं ते बाईचं, असा कायदा कुणी केलेला नाही. आपणच तो पाळत आलो. पोपटीला माणसं बोलावली सगळ्या घराने, मजा केली सगळ्या घराने, मग उरलेलं एकटीच्या ताटात का? सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. त्यांनी टंचाईचे दिवस पाहिलेले असतात आणि अन्नाची किंमत त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळते. त्यांना एवढंच म्हणा, "आई, टाकत नाही. याचा नवा पदार्थ करते, आपण सगळेच खाऊ." आणि खरोखरच सगळ्यांना वाढा. यजमानांनाही, मुलांनाही, स्वतःलाही सारखंच. घरातले सगळे खाऊ शकतील इतकं चांगलं असेल, तरच ते अन्न ठेवण्याजोगं. नसेल, तर ते आपणही खायचं नाही. आपलं पोट म्हणजे काही घरातली खरकट्याची बादली नव्हे.

पुढच्या खेपेला अंदाज

उरलेल्याचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे बेतात करणं. आमच्या घरचा अंदाज देते. कोंबडीसकट पोपटी असेल, तर माणशी पाव किलो शेंगा, दीडशे-दोनशे ग्रॅम कोंबडी, एक अंडं, एक मध्यम बटाटा आणि अर्धं रताळं. कोंबडी नसेल, तर शेंगा थोड्या वाढवाव्यात. हुरडा माणशी एक मोठी वाटी दाणे, म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम. सोबतीला चटण्या, गूळ असतोच.

आणि एकच थोरलं मडकं लावण्यापेक्षा दोन मध्यम मडकी भरा. पहिलं लावायचं, माणसं खरोखर किती आली ते मोजायचं, मगच दुसऱ्याला जाळ. हुरडाही एका दमात सगळा भाजू नये. ताटं रिकामी होतील तशी कणसं आगटीत टाकावीत. न भाजलेली शेंग आठवडाभर दम धरते, भाजलेली एक रात्रही धरत नाही. "वीस जण येणार" असं यजमानांनी सांगितलं, तर भाजी वीस जणांची आणा, पण मडकं बारा जणांचं लावा!

राहता राहिली राख. पूर्ण विझून गार झाल्यावर ती चाळून डब्यात भरून ठेवा. वर्षाचे वाल साठवताना राखेत घोळवले, तर भुंगा कमी लागतो. धगधगते निखारे मात्र उबेसाठी बंद खोलीत कधीही नेऊ नका. त्यांच्या वायूला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही.

तुमच्याकडे पोपटीचं, हुरड्याचं किंवा शेकोटीवरच्या आणखी कशाचं उरलेलं वापरण्याची वेगळी रीत असेल, तर मापासकट जरूर कळवा. नागपूर-अमरावतीकडच्या भगिनींची पत्रं अजून आलेली नाहीत. तिकडच्या रोडग्यांचं दुसऱ्या दिवशी काय करतात, ते वाचायला आम्हा सगळ्यांनाच आवडेल.